खिंडीतली डहाळी

"मग बाई, वाट माझी ना?"

निनाद ढमढेरे खालून नाळेची अरुंद घळ चढून खिंडीत आला होता. घामाघूम, पण चेहरा हसरा. बाई आणि मी पठाराकडून नुकतेच येऊन पोचलो होतो. बाईंनी पाठीवरची पिशवीही अजून उतरवली नव्हती.

बाई खिंडीतल्या देवाकडे पाहत होत्या.

"सगळी बॅच खाली झऱ्यावर बसलीय," निनाद म्हणाला. "डबेसुद्धा खाऊन झाले. तुम्ही दिसेनात म्हणून मीच घ्यायला आलो. एवढ्या लवकर या वाटेने आजवर कुणी बॅच उतरवली नसेल, बाई."

"खाली सगळे आहेत?"

"सगळे."

बाई पुन्हा देवाकडे पाहू लागल्या.

इथे थोडं सांगायला हवं. बाई म्हणजे इंदुमती दिघे. शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून बाई. आता सत्तरी गाठलीय, तरी आमच्या गावात दोराला गाठ मारायला जो कुणी शिकला, तो त्यांच्याकडेच शिकला. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना बाईच म्हणतात.

आमच्या गिरिभ्रमण मंडळात वाट देण्याची पद्धत आहे. बाई कुणाला कागद देत नाहीत, बिल्ला देत नाहीत. एखाद्या दिवशी चालता चालता नुसतं म्हणतात, "ही वाट तुझी." त्या दिवसापासून नवख्या माणसांना त्या वाटेने न्यायचं काम त्याचं. मलाही एक मिळालीय. अर्ध्या दिवसाची आहे आणि तिच्यावरून म्हशीसुद्धा जातात. मी तक्रार करत नाही.

बैलनाळ मात्र बाईंनी कुणाला दिली नव्हती. घाटमाथ्यावरच्या केळदवाडीतून निघायचं, दाट रानातून खिंडीत यायचं आणि नाळेने थेट कोकणात उतरायचं. यंदा डॉक्टरांनी गुडघ्याचं बजावून सांगितलं, पुढच्या वर्षी डोंगर नाही. मग बैलनाळ कुणाची, हा प्रश्न मंडळात सगळ्यांच्या मनात होता. निनादच्या तो तोंडावर होता.

त्याच्याबद्दल खोटं बोलणार नाही. पोरगा तयार आहे. डोळे बांधून सोडला तरी बैलनाळ चुकणार नाही. फक्त हे त्याला स्वतःलाही फार चांगलं माहीत आहे.

सकाळी केळदवाडीत बाई त्याला म्हणाल्या होत्या, "आज तू ने. मी दिगूला घेऊन सावकाश मागून येते." दिगू म्हणजे मी.

बाई एरवी कायम रांगेच्या शेवटी चालतात. नव्या लोकांना वाटतं, वय झालं, मागे पडतात बिचाऱ्या. खरं तर त्या असताना त्यांच्यामागे कुणी राहत नाही. आज त्या रांगेतच नव्हत्या. निनादला इतका आनंद झाला की चहा अर्धा टाकून तो बुटाच्या नाड्या बांधायला लागला. आम्ही दुसरा चहा घेऊन निघालो.

आता देव. खिंडीतला देव म्हणजे एक बिनघडीव दगड. नाव कुणाला ठाऊक नाही. येणारा-जाणारा जवळच्या झाडाची एक हिरवी डहाळी तोडतो, त्याच्यावर ठेवतो आणि पुढे जातो. गुराखी ठेवतात, लग्नाला निघालेली माणसं ठेवतात. बाई कुठल्याही देवापुढे हात जोडत नाहीत. पण आमच्या बॅचमधलं एकही माणूस डहाळी न ठेवता खिंड ओलांडत नाही. ज्याची त्याने आपापली ठेवायची. हे त्या आदल्या संध्याकाळीच सांगतात. नवे लोक विचारतात, कशासाठी? बाई म्हणतात, "ठेवा."

आज वाळलेल्या डहाळ्यांच्या ढिगावर हिरड्याची एक फांदी पडली होती. चांगली हातभर लांब. पानं अजून तजेलदार होती.

"ही कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी. म्हणजे सगळ्यांची." निनाद हसला. "सगळ्यांच्या वतीने मीच ठेवली. एकेकाने तोडत बसायचं म्हणजे अर्धा तास गेला असता. आणि बाई, झाडं तरी किती ओरबाडायची?"

हे शेवटचं मला पटण्यासारखं वाटलं. खरं तर माझ्याही मनात ते कधीकधी येऊन गेलं होतं.

"आणि ही?"

बाई गुडघ्यावर हात दाबून खाली वाकल्या. फांदीवर एक बोटभर डहाळी होती. अंजनीच्या झुडपाची. पाच-सहा पानं असतील. मला ती तोवर दिसलीच नव्हती.

"कुणी गुराखी गेला असेल," निनाद म्हणाला.

बाईंनी डहाळी उचलली आणि तिचं टोक त्याच्यासमोर धरलं. तिरकं, स्वच्छ कापलेलं टोक होतं.

"कातरीने कापलीय," बाई म्हणाल्या. "गुराखी कातर घेऊन फिरतो?"

निनाद टोकाकडे पाहत राहिला.

"तुझी फांदी खाली होती. ही तिच्या वर होती."

निनादने कपाळावरचा घाम पुसला.

"शेवटी कोण चालत होतं?"

"शेवटी असं कुणी ठरवून नव्हतं, बाई. जो मागे राहील तो शेवटी."

"मग तो मागे राहिला असेल."

"असं कसं होईल? झऱ्यावर पोचल्या पोचल्या मी विचारलं ना. चांगलं ओरडून विचारलं, सगळे आले का? सगळे म्हणाले, आले."

"जो आला नाही तो काय म्हणाला?"

निनाद बोटांवर मोजू लागला.

"किती होते ते सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "नावं सांग."

तो सांगू लागला. सोनवणे. रेगे भगिनी, दोघी. तो कॅमेरावाला आशुतोष. डॉक्टर. डॉक्टरांचा मेव्हणा. कॉलेजची ती तीन मुलं, त्यांची नावं त्याने पटापट घेतली, कारण ती सारखी त्याच्या मागे मागे होती. मग तो अडला.

"आणि त्या एक... चष्म्यावाल्या. फारशा बोलत नाहीत."

"नाव काय तिचं?"

खिंडीत वारा होता. खालच्या रानात एक कुकुडकुंभा पक्षी घुमत होता.

"उज्ज्वला कोष्टी," बाई म्हणाल्या. "शिवणाचा क्लास घेते. आयुष्यात पहिल्यांदा डोंगरात आलीय. डब्यात काय आणलं होतं तिने?"

"डब्यात?"

"डबे खाऊन झाले म्हणालास."

निनाद आठवू लागला. आठवताना त्याचा चेहरा बदलत गेला. "असतील, बाई," तो म्हणाला. "खालीच असतील. कुठेतरी झाडाआड बसल्या असतील."

"असेल," बाई म्हणाल्या. "वर येताना नाळेत तुला कुणी भेटलं?"

"नाही."

"आम्हालाही पठाराकडून येताना कुणी भेटलं नाही."

मग आम्ही तिघांनीही एकदमच उजवीकडे पाहिलं.

खिंडीतून कोकणाच्या अंगाला दोन नाळा उतरतात. डावीकडची बैलनाळ. तिचं तोंड अरुंद आहे, करवंदीच्या जाळ्यांत लपलेलं, पण पुढे ती नीट खाली जाते. उजवीकडची रुंद आहे. सुरुवातीला तर बैलगाडी जाईल इतकी सोपी दिसते. आमच्यात तिला फसवी म्हणतात. आपले हे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेले, त्यामुळे ते उतरतात तेही पायऱ्या पायऱ्यांनी, आणि फसवी नाळ अशाच एका पायरीशी संपते. पावसाळ्यात तिथून धबधबा पडतो. या दिवसांत नुसता कोरडा कडा असतो. पायरी ताडामाडाएवढी उंच आहे आणि शेवटच्या वळणापर्यंत तिचा पत्ता लागत नाही.

मला राग आला. त्या क्षणी निनादच्या एक ठेवून द्यावी असं वाटलं. दिली नाही, कारण त्याचा चेहरा पाहिला.

"दोर," तो म्हणाला. मी तो आधीच खांद्यावरून काढला होता.

"हाका मारत जा," बाई म्हणाल्या. "आणि घाई करू नका. आजची घाई करून झालीय."

आम्ही फसव्या नाळेत उतरलो. सुटे दगड, वाळलेली कारवी, पायाखाली पाचोळा. निनाद पुढे होता. एरवी असल्या जागी उड्या मारत जातो, आज एकेक पाऊल दाबून टाकत होता. दर थोड्या वेळाने थांबून हाक मारायचा. "उज्ज्वलाताई..." नाव आता त्याला पाठ झालं होतं.

उत्तर येत नव्हतं. उत्तर नाही म्हणजे काय, ते आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नव्हतो.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे बारीकसा आवाज आला. "इकडे."

उज्ज्वलाताई कड्याच्या काठाशी एका खडकाला पाठ लावून बसल्या होत्या. मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. त्यांच्या पायांपुढे चार हातांवर जमीन संपत होती. खाली, फार खाली, कोकणातल्या घरांची कौलं दिसत होती.

"उठू नका," निनाद म्हणाला. "मी येतो."

त्याने दोर खडकाला बांधला, टोक मला धरायला दिलं आणि सरकत त्यांच्याजवळ गेला. त्यांच्या कमरेला मारलेली गाठ त्याने दोनदा सोडून पुन्हा मारली. मी त्याला किती कड्यांवर पाहिलंय, पण हे कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या बुटाखालून एक दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. उज्ज्वलाताईंनी डोळे मिटून घेतले.

वर यायला वेळ लागला. सूर्य बराच कलला होता. बाई देवाशेजारी बसूनच होत्या. आम्ही दिसल्यावर त्या उठल्या नाहीत. फक्त थोड्या बाजूला सरकल्या आणि उज्ज्वलाताईंना शेजारी बसायला जागा करून दिली. पाणी दिलं. पिशवीतून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"लागलं कुठे?"

"कोपर खरचटलंय थोडं."

"काय झालं?"

उज्ज्वलाताईंनी एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला.

"तुम्ही काल सांगितलं होतं ना, डहाळी ज्याची त्याने ठेवायची. हाताने तोडली तर साल सोलते झाडाची, म्हणून म्हटलं कातरीने कापावी. पर्समध्ये खाली गेली होती, सापडेना. यांना म्हटलं, मी ठेवून येते, तुम्ही व्हा पुढे..." त्यांनी निनादकडे पाहून लगेच मान खाली घातली. "हळू म्हटलं असेन. माझा आवाजच लहान आहे."

"मग?"

"डहाळी ठेवली आणि वळून पाहिलं तर कुणी नाही. ही वाट मोठी दिसली. म्हटलं, एवढी माणसं गेली म्हणजे मोठ्याच वाटेने गेली असतील."

"हाका मारल्यास?"

"दोन मारल्या. मग लाज वाटली." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "पुढे गेले तर एकदम काहीच नव्हतं. जमीनच नव्हती. मग बसले. हरवलं तर बसून राहायचं, असंही तुम्ही काल सांगितलं होतं."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या.

निनाद देवासमोर उभा होता. आपल्या हातभर फांदीकडे पाहत होता. मला त्याचा राग आला होता, तो आता कुठे गेला कळेना. वाईट वाटत होतं.

"बाई," तो म्हणाला.

"बोल."

"मी त्यांचं ऐकलंच नाही. ऐकू आलं नाही असं नाही. काहीतरी म्हणाल्या, इतकं कळलं होतं. माझं लक्ष घड्याळात होतं."

बाई ऐकत होत्या.

"बैलनाळ दुसऱ्या कुणाला द्या, बाई. मी यापुढे मागणार नाही."

निनाद थांबला. मीही थांबलो. वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील, रागावतील किंवा समजूत घालतील. बाईंनी पुडीत उरलेले चार शेंगदाणे हातावर घेतले, सावकाश खाल्ले आणि कागदाची घडी करून पिशवीत टाकली.

"चला," त्या म्हणाल्या. "उजेड आहे तोवर उतरू. खाली लोक काळजीत असतील."

मी हात देऊन त्यांना उठवलं. त्यांनी शेजारच्या झाडाची एक डहाळी तोडली आणि देवावर ठेवली. मीही एक ठेवली. उज्ज्वलाताईंची कापलेली डहाळी बाईंच्या हातात होती, ती बाईंनी जिथून उचलली होती तिथेच ठेवली.

निनाद अजून तसाच उभा होता. मग तो गेला आणि अंजनीच्या झुडपापाशी वाकून त्याने बोटभर डहाळी शोधून तोडली. फार वेळ लावला. ती ठेवून परत आला तेव्हा आम्ही तिघं बैलनाळेच्या तोंडाशी उभे होतो आणि कुणीच उतरायला लागलं नव्हतं.

सवयीने तो पुढे जायला निघाला.

"तू नाही," बाई म्हणाल्या. "उज्ज्वला, तू हो पुढे."

"मी?" उज्ज्वलाताईंनी पर्स छातीशी धरली.

"तिच्यामागे दिगू. मग मी." बाईंनी काठी उचलून मागे दाखवली. "निनाद, तू शेवटी."

"पण शेवटी तुम्ही असता, बाई."

बाई आपल्या गुडघ्याचा पट्टा घट्ट करत होत्या.

निनादने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा उज्ज्वलाताईंकडे, आणि मग नाळेच्या त्या अरुंद, काटेरी तोंडाकडे.

"बाई," तो हळूच म्हणाला, "त्यांना वाट माहीत नाही."

"तुला माहीत होती."